मल्टिपल स्क्लेरोसिस : प्रसार, प्रमाण आणि परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा रोग कोणास होतो आणि तो कितपत आढळतो, हे दोन प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचे आहेत. तथापि त्यांचे उत्तर देऊ पाहणाऱ्यास आरंभीच तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात. ‘हा रोग’ म्हणजे नेमका कोणता. ‘आढळणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ कोणता. आणि तो कोणी, कोठे व कोणत्या साधनांनी शोधला. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी संज्ञेच्या व अर्थाच्या आहेत. संज्ञेची व्याप्ती बदलली की मोजलेली संख्या बदलते, आणि संख्या बदलली की त्या रोगाविषयी समाजाची व शासनाची दृष्टी बदलते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जू ह्यांचा विकार ह्या परस्परसंबंधाचे उत्तम उदाहरण आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो नावाने ज्ञात आहे, जवळजवळ शंभर वर्षे त्याचे नकाशे काढले जात आहेत, आणि तरीही त्या नकाशांत रोगाचा भाग किती व गणनेचा भाग किती, हा वाद संपलेला नाही. भारतापुरते पाहिल्यास हा वाद केवळ पंडिती नाही, हे पुढे दिसून येईल.

२. रोग आणि त्याचे नाव

मेंदू, मज्जारज्जू व डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता ह्यांतील चेतातंतूंभोवती मायेलिन नावाच्या मेदयुक्त द्रव्याचे वेष्टन असते. त्याच्या योगाने संदेश वेगाने व अचूक वाहतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा ह्या वेष्टनावर आघात करते. जागोजागी दाह होतो, वेष्टन झिजते आणि मागे कठीण वण राहतो. वण कोठे पडला ह्यावर लक्षण अवलंबून असते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातापायांत बधिरता किंवा मुंग्या, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, असाधारण थकवा, अशी ती लक्षणे होत. बहुसंख्य रोग्यांत ती प्रथम झटक्याने येतात व काही आठवड्यांत ओसरतात. पुढे पुन्हा येतात. थोड्या रोग्यांत मात्र पहिल्यापासूनच सावकाश व सतत वाढणारी दुर्बलता दिसते.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तें शार्को ह्यांनी १८६८ मध्ये आपल्या व्याख्यानांतून ह्या विकारास स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. फ्रेंच नावाने ‘चकत्यांच्या रूपातील काठिण्य’ एवढेच सांगितले. जर्मनांनी त्याचे बहुत्व नावात घातले. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘डिसेमिनेटेड’, म्हणजे विखुरलेले, हे विशेषण रूढ होते. ‘स्क्लेरोसिस’ हा शब्द ‘कठीण’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. ही सर्व नावे वर्णनात्मक आहेत. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे डोळ्यांस दिसले, अर्थात अनेक कठीण वण, तेवढेच ती सांगतात. कारण सांगत नाहीत. मराठीत ‘बहुविध काठिण्य’ असा शब्दशः प्रतिशब्द करता येतो. परंतु ऐकणारा त्यातून सांध्यांचा ताठरपणा समजण्याचा संभव असल्याने व्यवहारात मूळ नाव किंवा ‘एमएस’ हे संक्षिप्त रूपच चालते.

नाव वर्णनात्मक असल्याचा एक महत्त्वाचा परिणाम झाला. ज्या रोगाचे कारण एका जंतूत किंवा एका द्रव्याच्या अभावात सापडते, त्याचे निदान त्या कारणाच्या तपासणीने करता येते. येथे तशी एकच निर्णायक तपासणी नाही. म्हणून निदानासाठी नियम करावे लागले. त्यांचे मूळ सूत्र असे, की विकृती चेतासंस्थेच्या एकाहून अधिक स्थानी असल्याचे आणि एकाहून अधिक वेळी उद्भवल्याचे दिसले पाहिजे, व अन्य कोणत्याही रोगाने तिचा उलगडा होता कामा नये. स्थळातील बहुत्व व काळातील बहुत्व हीच ह्या संज्ञेची खरी व्याख्या होय. ह्या सूत्राचे तपशील १९६५, १९८३, २००१, २००५, २०१० व २०१७ ह्या वर्षी बदलत गेले, आणि त्यानंतरही सुधारणेचा क्रम चालू राहिला आहे.

३. ‘होणे’ आणि ‘असणे’

‘रोगाचे प्रमाण’ ह्या शब्दप्रयोगात दोन भिन्न कल्पना एकत्र नांदतात. मराठी क्रियापदे त्यांची फोड सहज करतात. ‘त्यास हा रोग झाला’ ह्या वाक्यात घटना आहे. ‘त्यास हा रोग आहे’ ह्या वाक्यात अवस्था आहे. एका वर्षात लाख लोकांमागे नव्याने किती जणांस रोग झाला, ही संख्या म्हणजे उद्भव-प्रमाण. एका ठरावीक दिवशी लाख लोकांमागे किती जणांस रोग आहे, ही संख्या म्हणजे विद्यमान-प्रमाण. पहिली नळातून हौदात पडणारी धार आहे, तर दुसरी हौदातील पाणी.

हा भेद ध्यानात न घेतल्यास मोठी चूक होते. समजा, एका प्रदेशात दरवर्षी लाखामागे पाच जणांस रोग होतो व निदानानंतर ते सरासरी वीस वर्षे जगतात. तेथे विद्यमान-प्रमाण सुमारे शंभर होईल. उपचार व शुश्रूषा सुधारून ते चाळीस वर्षे जगू लागले, तर रोग तेवढ्याच वेगाने होत असूनही प्रमाण कालांतराने दोनशेवर जाईल. म्हणजे विद्यमान-प्रमाणाची वाढ ही रोगाची वाढ असेलच असे नाही. ती आयुष्याची वाढही असू शकते. मल्टिपल स्क्लेरोसिस तरुणपणी सुरू होतो व रोगी त्यासह दशकानुदशके जगतो. त्यामुळे ह्या रोगात दोन्ही प्रमाणांतील अंतर विशेष मोठे असते.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक आढाव्यानुसार जगात ह्या रोगाचे सुमारे २८ लाख लोक होते. लोकसंख्येशी हे प्रमाण लाखामागे सुमारे ३६ पडते. २०१३ च्या आढाव्यात हीच संख्या सुमारे २३ लाख होती. सात वर्षांत पाच लाखांची ही भर मुख्यतः अधिक देशांतून आलेली माहिती, सुधारलेले निदान, रोग्यांचे वाढलेले आयुर्मान आणि लोकसंख्येची वाढ ह्यांच्याशी जोडली जाते. ह्यांपैकी कोणतेही कारण ‘रोग अधिक होऊ लागला’ असे सांगत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

४. वय आणि लिंग

ह्या रोगाचा आरंभ बहुधा विसाव्या व चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान होतो. उपर्युक्त आढाव्यात निदानाचे सरासरी वय ३२ दिले आहे. लहान मुले त्यातून सर्वस्वी सुटलेली नाहीत. त्याच आढाव्यात १८ वर्षांखालील किमान ३०,००० रोग्यांची नोंद आहे. शिक्षण पुरे होण्याचा, नोकरीस लागण्याचा व संसार मांडण्याचा जो काळ, त्याच काळात हा रोग येतो. म्हणून संख्येने थोडा असूनही त्याचा सामाजिक भार मोठा असतो.

स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या निदान दुप्पट आढळतो. काही देशांत हे गुणोत्तर तिपटीच्या पुढे जाते. मात्र ही विषमता सर्वत्र सारखी नाही. यौवनारंभापूर्वीच्या रोग्यांत ती फारशी दिसत नाही, आणि पहिल्यापासून सतत वाढत जाणाऱ्या प्रकारात स्त्रिया व पुरुष जवळजवळ समसमान असतात. ह्याहून लक्षणीय गोष्ट ही, की गुणोत्तर काळाबरोबर बदललेले आहे. कॅनडातील रोग्यांचा जन्मवर्षानुसार केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे पन्नास वर्षांच्या अवधीत स्त्रियांचे पुरुषांशी गुणोत्तर दुपटीच्या आतून तिपटीच्या पुढे गेलेले दिसले. डेन्मार्कमध्ये १९५६ पासून राष्ट्रव्यापी नोंदवही चालू आहे. तेथेही वाढ प्रामुख्याने स्त्रियांतच आढळली. अर्ध्या शतकात मनुष्याची जनुके बदलत नाहीत. तेव्हा स्त्रियांच्या जीवनक्रमातील काही बदल येथे कारणीभूत असला पाहिजे, असे अनुमान निघते. धूम्रपान, पौगंडावस्थेतील स्थूलता, उशिरा होणारी बाळंतपणे, घरात राहण्याचे वाढलेले प्रमाण अशा अनेक गोष्टींचा विचार झाला आहे. एकाच गोष्टीवर सारा भार टाकता आलेला नाही.

५. अक्षांशाची रेषा

विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा रोग वाढतो, हे निरीक्षण जुने आहे. पहिल्या महायुद्धातील अमेरिकन भरतीच्या नोंदींवरून चार्ल्स डॅव्हनपोर्ट ह्यांनी १९२२ मध्ये दाखविले, की महासरोवरांच्या परिसरातून आलेल्या तरुणांत तो दक्षिणेकडील तरुणांपेक्षा अधिक होता. पुढे जॉन कर्ट्झके ह्यांनी जगाचे तीन पट्टे कल्पिले : लाखामागे ३० वा अधिक रोगी असलेला उच्च, ५ ते २९ असलेला मध्यम, व ५ हून कमी असलेला निम्न. उत्तर युरोप, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाचा दक्षिण भाग पहिल्या पट्ट्यात पडले. आशिया व आफ्रिका बहुतांशी तिसऱ्यात. एकाच देशातही हा उतार दिसतो. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर हा रोग क्वीन्सलंडपेक्षा बराच अधिक आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत २००९ च्या गणनेत लाखामागे ४०२ इतके प्रमाण आढळले. ही जगात कोठेही नोंदलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी एक संख्या आहे.

तथापि बोलींच्या नकाशावर काढलेली सीमारेषा जशी प्रत्यक्ष गावोगाव फिरताना तुटक व वाकडी निघते, तशीच ही अक्षांशाची रेषाही आहे. जपान भूमध्य समुद्राकाठच्या युरोपीय देशांच्याच अक्षांशांत असून तेथे रोग पुष्कळच कमी आहे. सार्डिनिया बेटावर तो अधिक, तर जवळच्याच माल्टावर कमी. नॉर्वेच्या ग्रामीण भागाच्या १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आतल्या शेतीच्या प्रदेशापेक्षा मासेमारीच्या किनारपट्टीवर तो कमी आढळला. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी लोकांत तो शेजाऱ्यांपेक्षा विरळ आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांत प्रमाण इतरांहून बरेच खाली आहे. ह्यावरून दोन गोष्टी ठरतात. स्थानाचा प्रभाव आहे. परंतु त्या स्थानी कोण राहते, ह्याचाही प्रभाव आहे.

स्थानाच्या प्रभावाचे एक संभाव्य साधन म्हणजे सूर्यप्रकाश व त्यापासून त्वचेत तयार होणारे ‘ड’ जीवनसत्त्व. अमेरिकन सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून २००६ मध्ये असे दिसले, की गौरवर्णीय सैनिकांत ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी जितकी अधिक, तितका पुढे हा रोग होण्याचा संभव कमी. हा संबंध कार्यकारणाचा कितपत आहे, ह्याची चर्चा अद्याप चालू आहे.

६. स्थलांतरितांचा पुरावा

स्थान व वंश ह्यांचा गुंता सोडविण्यास स्थलांतरितांचा अभ्यास फार उपयोगी पडला. दक्षिण आफ्रिकेत जेफ्री डीन ह्यांनी केलेल्या पाहण्या येथे विशेष उल्लेखनीय आहेत. उत्तर युरोपातून प्रौढपणी आलेल्या लोकांनी मायदेशातील उच्च प्रमाण आपल्याबरोबर आणले. तेथेच जन्मलेल्या गोऱ्या लोकांत ते पुष्कळ कमी होते. ह्या तद्देशीय गोऱ्यांचे वर्गीकरण डीन ह्यांनी भाषेनुसार केले. आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत रोग इंग्रजी बोलणाऱ्यांहून कमी निघाला. येथे भाषा हे कारण नव्हे, हे सांगावयास नको. ती वंशावळीची, वस्तीची व राहणीची खूण म्हणून वापरली गेली. सामाजिक गणनेत भाषा अनेकदा अशा प्रतिनिधीचे काम करते, ही गोष्ट भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

१९६६ मध्ये इस्रायलमधील व १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्थलांतरितांच्या अभ्यासांतून वयाचा मुद्दा पुढे आला. सुमारे पंधराव्या वर्षापूर्वी आलेल्यांचा धोका नव्या देशासारखा, तर त्यानंतर आलेल्यांचा जुन्या देशासारखा असतो, असे त्यांवरून मांडले गेले. बोलीच्या अभ्यासकास ह्यात ओळखीची रचना दिसेल. बालपणी परगावी गेलेले मूल तेथील उच्चार उचलते. प्रौढपणी गेलेला मनुष्य आपली मूळची लकब जन्मभर बाळगतो. ही केवळ उपमा आहे, दोन्हींची यंत्रणा सर्वथा भिन्न आहे. परंतु आयुष्याच्या पूर्वार्धातील संस्कारास उत्तरार्धातील अनुभवापेक्षा अधिक वजन असते, हे दोन्ही ठिकाणी सारखे आहे. ऑस्ट्रेलियातील नंतरच्या अभ्यासांनी पंधरा वर्षांची ती रेषा पुसट केली. ब्रिटन व आयर्लंड येथून आलेल्यांत वयाची अशी तीव्र सीमा आढळली नाही. स्थानाचा प्रभाव तारुण्यातही चालू राहत असावा, असे त्यातून सूचित झाले.

भारतीय वाचकास अधिक जवळचा पुरावा ब्रिटनमधला आहे. भारतीय उपखंडातून तेथे गेलेल्या पहिल्या पिढीत हा रोग विरळ होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलियन, नाइटिंगेल व डीन ह्यांच्या अभ्यासात मात्र ह्या लोकांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांत रोगाचे प्रमाण तेथील सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळपास आढळले. एका पिढीत वंश बदललेला नव्हता. बदलले होते ते जन्मस्थान. ‘भारतीय शरीर ह्या रोगास पात्रच नाही’ ह्या समजुतीस ह्याहून स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

७. वंश, विषाणू आणि प्राचीन स्थलांतरे

स्थानाचे महत्त्व मान्य करूनही वंशाचा भाग नाकारता येत नाही. रोग्याच्या सख्ख्या भावंडांस असणारा धोका सर्वसामान्यांच्या कित्येक पट असतो, तरी तो शेकड्यात अगदी थोडा. एकबीज जुळ्यांपैकी एकास रोग असेल, तर दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण कॅनडाच्या १९८६ च्या अभ्यासात सुमारे एक-चतुर्थांश निघाले. जनुके तंतोतंत सारखी असूनही चारांपैकी तिघे सुटतात, हे विसरता कामा नये. संबंधित जनुकस्थाने दोनशेहून अधिक सापडली असून त्यांतील सर्वांत प्रभावी प्रतिकारयंत्रणेच्या ओळखचिन्हांशी निगडित आहे.

विषाणूच्या बाजूने एपस्टाइन-बार विषाणूचा पुरावा प्रबळ झाला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक कोटीहून अधिक अमेरिकन सैनिकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी ९५५ जणांस सेवाकाळात मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. ह्या विषाणूची लागण झाल्यानंतर रोगाचा धोका ३२ पटींनी वाढल्याचे त्यात दिसून आले. अर्थात जगातील बहुतेक सर्व प्रौढ ह्या विषाणूचे वाहक असतात आणि त्यांतील फार थोड्यांस हा रोग होतो. म्हणून लागण ही जवळजवळ आवश्यक अट दिसते, पर्याप्त अट नव्हे.

भाषेतिहासाच्या अभ्यासकांस कुतूहल वाटेल असा पुरावा २०२४ च्या आरंभी पुढे आला. प्राचीन अस्थींतील जनुकांच्या विश्लेषणावरून असे प्रतिपादन करण्यात आले, की ह्या रोगाचा धोका वाढविणारी काही जनुकरूपे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील पशुपालकांमध्ये बळावली आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर युरोपात शिरली. जनावरांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या संसर्गांपासून त्यांनी त्या काळी संरक्षण दिले असावे, असा तर्क आहे. उत्तर युरोपीयांत ह्या पशुपालकांचा वारसा अधिक असल्याने युरोपातील उत्तर-दक्षिण उताराचा काही भाग त्यावरून उलगडतो. यामनाया संस्कृतीचे हे लोक इंडो-युरोपीय भाषांच्या प्रसाराशी जोडले जातात, हे विदितच आहे. पण येथे सावधगिरी हवी. भाषा व जनुके काही प्रवास बरोबर करतात, म्हणून त्या एकच वस्तू ठरत नाहीत. इंडो-युरोपीय भाषा बोलणारा समाज ह्या रोगास अधिक पात्र, असे अनुमान काढणे शास्त्राच्या विरुद्ध होईल.

८. नाव बदलले, संख्या बदलली

आता गणनेच्या बाजूकडे वळता येईल. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले आशियातील आहे. जपान व अन्य आशियाई देशांत दृष्टिचेता व मज्जारज्जू ह्यांवरच आघात करणारा एक तीव्र प्रकार वारंवार दिसे. त्यास मल्टिपल स्क्लेरोसिसचाच आशियाई प्रकार समजत. अशाच एका विकाराचे वर्णन यूजीन देविक ह्यांनी १८९४ मध्ये न्यूरोमायलायटिस ऑप्टिका ह्या नावाने केले होते. २००४ मध्ये ह्या विकाराच्या रोग्यांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडले आणि तो स्वतंत्र रोग ठरला. त्याबरोबर आशियातील जुन्या आकड्यांतील काही रोगी एका संज्ञेतून निघून दुसरीत गेले. हा बदल केवळ वहीतील नव्हता. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील काही औषधे न्यूरोमायलायटिसमध्ये अपाय करतात. येथे चुकीचे नाव म्हणजे चुकीचे औषध होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील रोग्यांची संख्या सुमारे चार लाख म्हणून दीर्घकाळ सांगितली जाई. ती जुन्या पाहण्यांवरून वाढवीत आणलेली संख्या होती. २०१९ मध्ये विमा व आरोग्यसेवेच्या विस्तृत नोंदींवरून नवी गणना प्रसिद्ध झाली, आणि २०१७ साली रोग्यांची संख्या नऊ लाखांहून अधिक असल्याचे तीत निघाले. एका अभ्यासाने संख्या दुपटीच्या पुढे गेली. ते वाढलेले लाखो लोक एका रात्रीत आजारी पडलेले नव्हते. ते पूर्वीही होतेच, मोजलेले नव्हते.

ह्यात निदानाच्या साधनांचाही मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकापासून एमआरआय तपासणीने वण जिवंतपणीच दिसू लागले. २००१ च्या नियमांनी ह्या चित्रांस काळातील बहुत्वाचा पुरावा म्हणून मान्यता दिली. परिणामी, पूर्वी दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागे तेथे पहिल्याच झटक्यानंतर निदान होऊ लागले. १९९० मध्ये ‘संभाव्य’ म्हणून नोंदलेला रोगी नव्या नियमांनी ‘निश्चित’ ठरू शकतो. त्याच्या शरीरात फरक पडलेला नसतो, फरक व्याख्येत पडलेला असतो.

९. भारत : पारशी समाज व मंगळूर

भारतात हा रोग जवळजवळ नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. रुग्णालयांतील अनुभवावरून काढलेली जुनी अनुमाने लाखामागे एकाच्या आसपास होती. ह्या चित्रास पहिला ठळक छेद मुंबईत मिळाला. तेथील पारशी समाजाचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात लाखामागे वीस ते तीसच्या दरम्यान प्रमाण आढळले. पाठोपाठ १९९० मध्ये नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनीही भारतातील पारशांत हा रोग प्रचलित असल्याचे दाखविले. इतर भारतीयांच्या तत्कालीन प्रमाणाच्या मानाने ही संख्या कित्येक पट होती.

ह्याचा अर्थ काय लावावा? पारशी समाज इराणातून आलेला व शतकानुशतके आपापसांत विवाह करणारा आहे. म्हणून वंशपरंपरेचा वाटा संभवतो. इराणमध्येही हा रोग एके काळी विरळ मानला जाई, परंतु २००० नंतर इस्फहानमध्ये झालेल्या पाहण्यांत तो उत्तरोत्तर अधिक सापडत गेला, ही गोष्ट त्यास अनुकूल आहे. पण दुसरेही स्पष्टीकरण संभवते. हा समाज नागर, सुशिक्षित, आपल्या सभासदांची उत्तम नोंद ठेवणारा आणि तज्ज्ञ वैद्यांच्या जवळ राहणारा होता. जेथे मोजणे शक्य होते तेथे रोग सापडला. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकतात. शिवाय लहान समाजातील प्रमाण हे थोड्या माणसांवर उभे असते. पन्नास हजारांच्या समाजात लाखामागे २४ हे प्रमाण म्हणजे प्रत्यक्षात बारा व्यक्ती होत. एक व्यक्ती वाढली वा कमी झाली, तर प्रमाण दोनाने हलते. २०११ च्या जनगणनेत भारतातील पारशांची एकूण संख्या ५७,२६४ होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

पुढे मंगळूर शहरातील पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण लाखामागे सुमारे ८ निघाले. युरोपच्या मानाने ते लहान आहे, परंतु जुन्या अनुमानाच्या आठपट आहे. केवळ कल्पना यावी म्हणून हिशेब केला, तर १४० कोटींच्या देशात लाखामागे ८ म्हणजे एक लाखाहून अधिक माणसे होतात. एका शहराचे प्रमाण साऱ्या देशास लावणे शास्त्रशुद्ध नाही. पण लाखामागे एक धरल्यास हीच संख्या चौदा हजारांवर येते. ह्या दोन आकड्यांमधील अंतर हीच भारतातील ह्या प्रश्नाची खरी व्याप्ती आहे.

१०. ‘विरळ’ ह्या शब्दाचा परिणाम

कोणास हा रोग होतो, ह्याचे आज देता येणारे उत्तर असे : जनुकांची काहीशी अनुकूल पार्श्वभूमी असलेल्या, बालपणी किंवा तारुण्याच्या आरंभी विशिष्ट परिस्थितीतून व एपस्टाइन-बार विषाणूच्या लागणीतून गेलेल्या तरुण व्यक्तीस, आणि पुरुषापेक्षा स्त्रीस अधिक. कितपत आढळतो, ह्याचे उत्तर मात्र स्थळ, काळ, व्याख्या व साधने ह्यांचा उल्लेख केल्यावाचून पूर्ण होत नाही.

‘विरळ’ हे विशेषण रोगाचे वाटते, परंतु पुष्कळदा ते शोधाचे असते. ज्या गावी हा रोग नसतोच असे वैद्य शिकलेला आहे, तेथे एका डोळ्याने अंधुक दिसू लागलेल्या व पायांतील मुंग्यांची तक्रार करणाऱ्या तरुण स्त्रीस चष्मा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा ‘मनाचे आहे’ हे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. झटका आपोआप ओसरतो आणि ते उत्तर खरे ठरल्यासारखे वाटते. तिची नोंद होत नाही. नोंद न झाल्याने प्रमाण कमी राहते, आणि प्रमाण कमी म्हणून पुढच्या वैद्यासही शंका येत नाही. हे चक्र विशेषणापासून सुरू होऊन विशेषणापाशीच पुरे होते. मध्ये जी वर्षे जातात ती मात्र परत मिळत नाहीत. १९९३ पासून ह्या रोगाचे झटके कमी करणारी औषधे उपलब्ध होत आली आहेत, आणि ती लवकर सुरू करण्यातच त्यांचा मुख्य लाभ आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या भारतीय कायद्याने मान्य दिव्यांगतांची संख्या ७ वरून २१ केली, आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश झाला. नाव कायद्यात आले, ही मोठी गोष्ट होय. परंतु प्रमाणपत्र मिळण्यासाठी आधी निदान हवे, आणि शासनाने तरतूद करावी म्हणून आधी संख्या हवी. मंगळूरसारख्या पाहण्या निरनिराळ्या भाषिक प्रदेशांत, नगरांत व खेड्यांत होणे म्हणूनच अगत्याचे आहे. अशा पाहणीची प्रश्नावली लोकांच्या बोलीत असावी लागते. ‘हात बधिर होतो का?’ ह्या प्रश्नात ‘बधिर’ हा शब्द सर्वत्र त्याच अर्थाने समजला जाईल असे नाही. कोठे ‘बधिर’ म्हणजे ऐकू न येणारा, आणि हाताविषयी बोलताना ‘मेल्यासारखा वाटतो’ असे म्हणण्याची रीत असू शकते. प्रश्न समजला नाही तर उत्तर नकारार्थी येते आणि रोगी गणनेतून गळतो. ह्या कामी वैद्यकाच्या विद्यार्थ्याबरोबर भाषेच्या विद्यार्थ्यानेही उभे राहण्यास वाव आहे.